सर्दीची गोळी घेण्याआधी पाकीट उलटं करा



पावसाळा लागला की मोरा-उरण भागात घरटी एकजण तरी शिंकत असतो. ओले कपडे, दमट हवा, मोरा बंदरावरचा वारा, आणि पाऊस उघडला की कंटेनरच्या रस्त्यांवरची धूळ. मग कोणीतरी मेडिकलमध्ये जातं आणि म्हणतं, "सर्दीची एक गोळी द्या." गोळी मिळते, पाण्याबरोबर घेतली जाते, दोन तासांत बरंही वाटतं. त्या गोळीत काय काय होतं, हे मात्र बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

आजचा पाठ याच प्रश्नावर आहे. सर्दी आणि ॲलर्जीवर मिळणाऱ्या बहुतेक गोळ्या आणि सिरप ही मिश्र औषधं असतात. एका गोळीत दोन, तीन, कधी चार औषधं ठरावीक प्रमाणात एकत्र केलेली असतात. गोळी एकच दिसते, पण पोटात जातात तीन-चार औषधं. हे लक्षात न आल्यामुळे एकच औषध दोन-तीन वाटांनी पोटात जातं, आणि धोका तिथेच सुरू होतो. म्हणून आज एकच सवय शिकायची आहे: पाकिटाच्या पुढचं नाव वाचून थांबायचं नाही, पाकीट उलटं करून मागची यादी वाचायची.

एका गोळीत असतं तरी काय?

पाकिटाच्या किंवा गोळ्यांच्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरात इंग्रजीत 'कंपोझिशन' किंवा 'ईच टॅब्लेट कंटेन्स' असं छापलेलं असतं. त्याखाली औषधांची खरी नावं आणि त्यांचं प्रमाण असतं. सर्दीच्या औषधांत पुन्हा पुन्हा भेटणारी नावं थोडीच आहेत. ती ओळखीची झाली की काम सोपं होतं.

१. पॅरासिटामॉल: ताप आणि अंगदुखी कमी करतं. सर्दी थांबवत नाही.

२. क्लोरफेनिरामिन, सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, डायफेनहायड्रामिन: ही ॲलर्जीविरोधी औषधं. शिंका, खाज, पाणी गळणारं नाक यांसाठी. यातली जुनी औषधं, म्हणजे क्लोरफेनिरामिन आणि डायफेनहायड्रामिन, चांगलीच झोप आणतात. सेटिरिझिननेही काहींना पेंग येते. फेक्सोफेनाडिनने सहसा येत नाही.

३. फिनाइलएफ्रिन: नाक मोकळं व्हावं म्हणून घातलेलं असतं. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यामुळे रक्तदाब वाढू शकतो.

४. कॅफीन: चहा-कॉफीत असतं तेच. तरतरी यावी म्हणून काही गोळ्यांत घालतात.

५. डेक्स्ट्रोमेथॉर्फन: कोरडा खोकला दाबण्यासाठी, बहुधा सिरपमध्ये.

६. माँटेलुकास्ट: ॲलर्जीच्या गोळीत लिव्होसेटिरिझिनच्या जोडीला असतं. हे डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायचं औषध आहे.

आता एक गंमत बघा. 'क्रोसिन' म्हटलं की आपल्याला पॅरासिटामॉल आठवतं. पण त्याच नावाची 'क्रोसिन कोल्ड अँड फ्लू' अशीही गोळी असते आणि तिच्यात पॅरासिटामॉलशिवाय इतर औषधंही असतात. पुढचं नाव सारखं, आतला माल वेगळा. उलटही होतं. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही तीन नावं वेगळी वाटली तरी साध्या गोळीत औषध एकच, पॅरासिटामॉल. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेल्या टायलेनॉलवर 'ॲसिटामिनोफेन' लिहिलेलं असतं. तेही पॅरासिटामॉलच! अमेरिकेत त्याचं नाव ते आहे, इतकंच.

शिवाय त्याच नावाच्या गोळीतले घटक काळानुसार बदलतातही. सर्दीच्या गोळ्यांत पूर्वी फिनाइलप्रोपॅनोलामिन नावाचं औषध असायचं. आपल्याकडे २०११ मध्ये त्यावर बंदी आली आणि अनेक कंपन्यांनी त्याऐवजी फिनाइलएफ्रिन घातलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी जाहीर केली. त्या यादीत सेटिरिझिन, पॅरासिटामॉल आणि फिनाइलएफ्रिन हे त्रिकूटही होतं. म्हणून "ही गोळी आम्ही वर्षानुवर्षं घेतोय" हे कारण पुरेसं नाही, आणि कपाटातल्या जुन्या पट्टीवर तर मुळीच विसंबू नका.

पहिला धोका: पॅरासिटामॉलची बेरीज

निरोगी, प्रौढ माणसाने २४ तासांत सगळं मिळून ४००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घ्यायचं नाही. ही कमाल मर्यादा आहे, इतकं घ्यावं असा सल्ला नव्हे. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल, नियमित दारू पिण्याची सवय असेल तर मर्यादा याहून बरीच खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची.

आता एक नेहमीचं उदाहरण घेऊ. एका गृहस्थांना ताप आणि सर्दी आहे, कंबरही धरली आहे.

तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून तीनदा: ६५० × ३ = १९५०
सर्दीची मिश्र गोळी, तिच्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, तीनदा: ५०० × ३ = १५००
कंबरदुखीची गोळी, तिच्यात ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, दोनदा: ३२५ × २ = ६५०
एकूण: १९५० + १५०० + ६५० = ४१०० मिलिग्रॅम

त्यांच्या मते त्यांनी तीन दुखण्यांवर तीन वेगळी औषधं घेतली. कोणतीही गोळी प्रमाणाबाहेर घेतलेली नाही. तरीही मर्यादा ओलांडली गेली.

पॅरासिटामॉल जास्त झालं तर त्रास होतो तो यकृताला. यात फसवं काय, तर पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी, नाहीतर तेही नाही. यकृताला इजा झाल्याचं दोन-तीन दिवसांनी दिसू लागतं. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. त्यामुळे जास्त गोळ्या पोटात गेल्याचं कळलं, विशेषतः लहान मुलाच्या बाबतीत, तर लक्षणं दिसण्याची वाट बघत बसू नका. पाकीट हातात घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

दुसरा धोका: गुंगीवर गुंगी

क्लोरफेनिरामिनसारख्या औषधाने येणारी झोप घरी पडून राहणाऱ्याला बरीच वाटते. पण आपल्या भागातल्या लोकांची कामं बघा. न्हावा-शेवा बंदराकडे कंटेनर नेणारे चालक आहेत. मासेमारी बंदी उठली की रात्री-अपरात्री होडीवर जाळं ओढणारे आहेत. पहाटे मोटारसायकलवरून पनवेलला ड्युटीला जाणारे आहेत. यांच्यासाठी पेंग म्हणजे अपघात. "मला काही झोप येत नाही" असं वाटत असतानाही हात आणि डोळे मंद झालेले असतात. म्हणून अशी गोळी घेतल्यावर वाहन चालवायचं नाही, यंत्रावर किंवा होडीवर काम करायचं नाही. कामावर जाणं भागच असेल तर डॉक्टरांना आधी स्पष्ट सांगा, "मी गाडी चालवतो," म्हणजे ते कमी झोप आणणारं औषध देतील.

इथे एक गोष्ट लाँचने प्रवास करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येताना समुद्र खवळलेला असला की काहींना बोट लागते. त्यासाठी 'एव्होमिन'सारखी गोळी घेतात. तिच्यात प्रोमेथाझिन असतं आणि तेही ॲलर्जीविरोधी गटातलंच, झोप आणणारं औषध आहे. सकाळी सर्दीची गोळी आणि वर बोट लागू नये म्हणून दुसरी, म्हणजे गुंगीवर गुंगी. खाजेवर घेतली जाणारी 'एव्हिल' याच गटातली. दारू, झोपेच्या गोळ्या आणि मनाच्या आजारावरची काही औषधं यांच्याबरोबर ही गुंगी आणखी वाढते. सर्दीवर 'दोन घोट' घेऊन वर गोळी घेण्याची पद्धत तर सोडूनच द्या.

शिक्षकांसाठी एक सूचना. नेहमी चुणचुणीत असलेलं मूल पहिल्याच तासाला डोकं टेकून झोपत असेल, तर रागावण्याआधी विचारा, "सकाळी कुठलं औषध घेतलंस का रे?" काही मुलांमध्ये याच औषधांचा परिणाम उलटा होतो, ती चिडचिडी आणि अस्वस्थ होतात. तेही वागणं औषधाचं असू शकतं.

तिसरा धोका: घरातले आजी-आजोबा

घरात सर्दी एकाला झाली की सगळ्यांना होते, आणि तीच पट्टी सगळ्यांत फिरते. आजोबांना मात्र बऱ्याचदा रक्तदाब असतो, प्रोस्टेटचा त्रास असतो, आजींना काचबिंदू असतो.

फिनाइलएफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो. क्लोरफेनिरामिनसारख्या औषधाने प्रोस्टेट असलेल्या पुरुषाची लघवी अडू शकते, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब वाढू शकतो. वयस्कर माणसाला गुंगीत तोल जाऊन पडण्याची भीती असते, रात्री लघवीला उठताना जास्तच. किडनीचा त्रास असेल तर लिव्होसेटिरिझिनचं प्रमाण कमी करावं लागतं. नैराश्यावरची गोळी चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदर आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईनेही मिश्र गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

बरं, ज्या फिनाइलएफ्रिनसाठी हा धोका पत्करायचा, त्याचा उपयोग किती? सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं की गोळीतून किंवा सिरपमधून पोटात घेतलेलं फिनाइलएफ्रिन नेहमीच्या प्रमाणात चोंदलेलं नाक मोकळं करत नाही. ते पोटातून रक्तात पोचेपर्यंत फारच थोडं उरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या नियामकाने ते सर्दीच्या औषधांतून काढण्याचा प्रस्तावही मांडला. आपल्याकडच्या सर्दीच्या गोळ्यांत ते अजून सर्रास दिसतं.

चौथा धोका, आणि सगळ्यात मोठा: लहान मुलं

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मधल्या बातम्या तुम्हाला आठवत असतील. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी सिरप दिलेल्या मुलांची लघवी बंद झाली, किडन्या निकामी झाल्या. छिंदवाड्याला मोठं शहर जवळचं म्हणजे आपलं नागपूर. अनेक मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणलं आणि त्यातली कित्येक तिथेच गेली. वीसहून जास्त मुलांचा मृत्यू झाला. बहुतेक पाच वर्षांखालची होती.

त्या सिरपचं नाव कोल्ड्रिफ. तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात ते बनलं होतं. तामिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडलं. हे औद्योगिक वापराचं विषारी द्रव्य आहे, औषधात ते ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचचा वापर आणि विक्री थांबवण्याचा इशारा दिला. महाराष्ट्राला हे विष नवं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला होता.

आता नीट समजून घेऊ. डायएथिलिन ग्लायकॉल पाकिटावर छापलेलं नव्हतं आणि कधी छापलेलं नसतं. कोणत्याही आईबापाला ते मागची बाजू वाचून कळलं नसतं. तो दोष बनवणाऱ्याचा आणि तपासणाऱ्यांचा. पण पाकिटावर जे छापलं होतं तेही महत्त्वाचं आहे. त्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन हे मिश्रण होतं. डिसेंबर २०२३ मध्येच देशाच्या औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तशी सूचना पाकिटावर छापावी असा आदेश काढला होता. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तीच अट अधिसूचनेने घातली. म्हणजे अगदी शुद्ध, निर्दोष सिरप असतं तरी ते लहानग्यांना द्यायचं नव्हतं. नियम कागदावर होता, आईच्या हातातल्या बाटलीपर्यंत पोचला नव्हता. तो पोचवणं आपल्या हातात आहे.

३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सूचना दिली. ती सोप्या शब्दांत अशी:

दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत.
पाच वर्षांखाली ती साधारणपणे देऊ नयेत.
त्यापुढे द्यायचीच असतील तर डॉक्टरांनी तपासून, योग्य प्रमाणात, कमीत कमी दिवस, आणि एकावर एक अनेक मिश्रणं न देता.

"मोठ्याची अर्धी गोळी छोट्याला" हा हिशोब तर पूर्ण चुकीचा आहे. अर्ध्या गोळीत तिन्ही औषधं अर्धी होतात, पण त्या मुलाला त्यातली दोन मुळातच द्यायची नसतात.

पाच मिली कशाचे? सिरप आणि ड्रॉप्सचं गणित

मुलाच्या तापावर एकटं पॅरासिटामॉल डॉक्टर देतात, तेव्हाही चूक होण्याची एक जागा असते. बाजारात मुलांचं पॅरासिटामॉल साधारण तीन प्रकारे मिळतं:

सिरप: ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीमध्ये २४
जास्त तीव्र सिरप: ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीमध्ये ५०
ड्रॉप्स: १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम

मुलाचं प्रमाण वयावर नाही, वजनावर ठरतं. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. १२ किलोच्या मुलाचं बघू: १२ × १० = १२० आणि १२ × १५ = १८०. म्हणजे एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम.

पहिल्या सिरपचे: ५ ते ७.५ मिली
तीव्र सिरपचे: २.४ ते ३.६ मिली
ड्रॉप्सचे: १.२ ते १.८ मिली

मागच्या वेळी "पाच मिली" दिले होते म्हणून या वेळी ड्रॉप्सचे पाच मिली दिले तर काय होईल? ५०० मिलिग्रॅम, एका मोठ्या माणसाची अख्खी गोळी! म्हणून डॉक्टरांना दोन्ही विचारा: किती मिली, आणि कोणत्या बाटलीचे. हे गणित समजण्यासाठी दिलं आहे. तुमच्या मुलाचं प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या, आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर औषध न देता थेट डॉक्टरांकडे न्या.

मोजायला घरातला चमचा नको. कुणाकडे चहाचा, कुणाकडे पोह्याचा, सगळे वेगळ्या मापाचे. बाटलीबरोबर आलेलं मापाचं टोपण, ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. दिल्यावर वेळ कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. आईने आठला दिलं आणि बाबांनी साडेआठला पुन्हा दिलं, असं होत नाही.

सर्दी आहे की ॲलर्जी?

हा प्रश्न विचारला तर निम्मी मिश्र औषधं नकोशी होतात. साधी सर्दी विषाणूमुळे होते. घसा खवखवतो, थोडा ताप येतो, अंग मोडून येतं आणि सात ते दहा दिवसांत ती आपोआप ओसरते. ॲलर्जीत ताप नसतो. डोळे आणि नाक खाजतं, पाण्यासारखं नाक गळतं, एकामागून एक शिंका येतात, आणि हे ठरावीक वेळी किंवा ठरावीक ठिकाणी पुन्हा पुन्हा होतं: पहाटे उठल्यावर, झाडू मारताना, जुनी पुस्तकं काढताना.

ज्यांना रोज सकाळी वीस शिंका येतात अशी माणसं कित्येकदा महिनोन्महिने सर्दीची मिश्र गोळी घेत राहतात. त्यांना ताप नाही, अंगदुखी नाही, तरी रोज पॅरासिटामॉल आणि फिनाइलएफ्रिन पोटात जातं. त्यांना गरज असते ती एकट्या ॲलर्जीविरोधी गोळीची, किंवा डॉक्टरांनी सुचवलेल्या नाकातल्या फवाऱ्याची. ज्या लक्षणाचा त्रास आहे त्याचंच एक औषध घेतलं तर बरं वाटतं आणि हिशोबही सोपा राहतो. जनऔषधी केंद्रात औषधं मूळ नावानेच मिळतात, तिथे हे मागणं सोपं जातं.

माँटेलुकास्टबद्दल एक शब्द. याने काहींना वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड वाढते, मन खिन्न होतं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या नियामकाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मूल ही गोळी घेत असताना त्याचं वागणं बदललं तर डॉक्टरांना लगेच सांगा.

नाकात घालायच्या थेंबांचंही तसंच. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असलेले थेंब नाक झटकन मोकळं करतात, पण पाच दिवसांपेक्षा जास्त घातले तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. लहान बाळासाठी साधे मिठाच्या पाण्याचे थेंब बरे.

मग सर्दीत करायचं काय?

विश्रांती, पुरेसं पाणी, गरम पेज किंवा सार, आणि धीर. मोठ्यांनी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात. एक वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी अर्धा चमचा मध चालतो. एक वर्षाखाली मध अजिबात नाही. वाफ घेताना लहान मुलापुढे उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवू नका, भाजण्याचे प्रकार होतात. उरलेलं अँटिबायोटिक काढून देऊ नका. सर्दीच्या विषाणूवर ते चालत नाही. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, ही खूण मुलांनाही शिकवा.

पुढचं काही दिसलं तर मात्र घरचे उपाय थांबवा आणि डॉक्टरांकडे न्या:

श्वास जोरात चालणं. मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका.
श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, ओठ निळसर होणं.
मूल दूध-पाणी न घेणं, फार सुस्त होणं, उठवूनही नीट जागं न होणं.
औषध चालू असताना वारंवार उलट्या होणं किंवा लघवी खूप कमी होणं.
ताप तीन दिवसांनंतरही न उतरणं, किंवा उतरून पुन्हा चढणं.

जाताना औषधांची पाकिटं आणि बाटल्या बरोबर घ्या. "लाल रंगाचं सिरप दिलं" एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. एखाद्या औषधाबद्दल शंका आली तर बाटली फेकू नका, तिच्यावर बॅच क्रमांक असतो. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते.

शाळेत काय करता येईल?

सातवी-आठवीसाठी एक तासाचा उपक्रम सुचवते. मुलांना घरातून औषधांची फक्त रिकामी पाकिटं आणि रिकाम्या पट्ट्या आणायला सांगा. औषध भरलेलं काहीही आणायचं नाही, हे पालकांना आधी कळवा.

१. गटागटाने मागची बाजू वाचा. वहीत चार रकाने आखा: पाकिटावरचं नाव, आतली औषधं, प्रत्येकाचं प्रमाण, मुदत संपण्याची तारीख.
२. कोणतं औषध सर्वांत जास्त पाकिटांवर सापडलं? बहुतेक वर्गांत उत्तर पॅरासिटामॉल येईल.
३. वरची ४१०० ची बेरीज फळ्यावर करा. मग मुलांना स्वतःची पाकिटं घेऊन तशीच बेरीज करू द्या.
४. सिरप आणि ड्रॉप्सचं उदाहरण गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्याला जोडा.
५. घरचा अभ्यास: आई-बाबांबरोबर औषधांचा डबा उघडा, मुदत संपलेली आणि ओळख न पटणारी औषधं मोठ्यांच्या मदतीने बाजूला काढा.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत सर्दीच्या मिश्र गोळ्या ठेवू नयेत. मुलाला ताप आला तर आधी पालकांना फोन करा, सकाळी काय आणि किती वाजता दिलं ते विचारा, आणि त्यांच्या संमतीशिवाय काहीही देऊ नका. पालकसभेत दहा मिनिटं या विषयाला दिली तरी पुष्कळ. सभेला आलेल्या प्रत्येकाला मेडिकलमध्ये विचारायचे हे चार प्रश्न लिहून द्या:

यात कोणकोणती औषधं आहेत?
मी आधीच घेत असलेल्या गोळीत यातलं काही आहे का?
याने झोप येते का?
माझ्या वयाला, किंवा माझ्या मुलाच्या वजनाला, हे चालतं का?

हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. पैसे देण्याआधी पाकीट एकदा उलटं करा, आणि उत्तर मिळेपर्यंत गोळी पिशवीत टाकू नका.